तळ्यातल्या माशाला समुद्रातला मासा कशाला?

तीन वर्षांपूर्वी मे महिन्यात आमच्या शेततळ्यात पहिल्यांदा जाळे ओढले. थोरल्या भावाने, म्हणजे दादाने, सकाळीच काटा आणि बर्फ यांची सोय करून ठेवली होती. तालुक्याच्या गावाहून व्यापारी आला होता. बांधावर निम्मा गाव जमला होता. आदल्या पावसाळ्यात नऊ गुंठ्यांच्या त्या तळ्यात आम्ही कटला, रोहू आणि मृगळ यांची आठशे बोटुकली सोडली होती. दहा महिन्यांत मासा पाऊण किलोचा होईल, असा आमचा हिशेब होता. जाळे काठाला आले आणि दादाचा चेहरा उतरला. मासे होते, मेलेले फारसे नव्हते. पण सारे हाताच्या पंजाएवढे. वजन भरले सरासरी पाव किलो. व्यापारी म्हणाला, "मालक, हे परत सोडा. याला गिऱ्हाईक नाही."

रात्री ओसरीवर वही उघडली. बीज आणि मजुरी यांचा खर्च थोडा होता. पैसा गेला होता तो खाद्यात. पहिले दोन महिने आम्ही दुकानातले महागडे गोळी खाद्य आणले. त्याच्या पोत्यावर 'मासळीची कुटी घातलेले' असे ठळक छापलेले होते. पुढे पैसे सरले, तशी स्वस्तात मिळाली म्हणून शेंगदाणा पेंड घेतली आणि मागच्या पडवीत रचून ठेवली. श्रावणात पडवी गळाली आणि पेंडीवर हिरवी बुरशी चढली. जनावरांना घालायला मन होईना, टाकून द्यायला जीव होईना. म्हणून ती पेंड तळ्यात गेली.

हे ऐकून आई म्हणाली, "अरे, जी पेंड तू म्हशीपुढं टाकली नसतीस, ती माशापुढं कशी टाकलीस? तो हंबरत नाही म्हणून?"

आईच्या त्या एका वाक्याने मी मत्स्यखाद्याच्या मागे लागलो. जाणकारांना विचारले, पुस्तके वाचली, आणि पुढची दोन वर्षे स्वतःच्या तळ्यावर करून पाहिले. गावोगाव आता शेततळी झाली आहेत. २०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' ही योजना आल्यापासून तर त्यांची संख्या फारच वाढली. पाणी आहेच तर मासे सोडू, असा विचार अनेक घरांत चालतो. आमच्यासारखी ठोकर कुणी खाऊ नये, म्हणून हा लेखनप्रपंच.

खर्चाचे मूळ प्रथिनांत

एके काळी मत्स्यशेतीत बीजाचीच अडचण मोठी होती. कटला, रोहू हे मासे साठलेल्या पाण्यात अंडी घालत नाहीत. त्यांचे बीज नदीच्या पुरात धरून आणावे लागे. १० जुलै १९५७ रोजी ओरिसात डॉ. हिरालाल चौधरी आणि डॉ. के. एच. अलिकुन्ही यांनी या जातीच्या माशांना मेंदूखालच्या ग्रंथीचा अर्क टोचून अंडी घालायला लावली आणि बीजाची वाट मोकळी झाली. त्या दिवसाची आठवण म्हणून १० जुलै हा मत्स्यशेतकरी दिन पाळतात. बीज आता मिळते. आता गाडी अडते ती खाद्यावर. मत्स्यशेतीच्या चालू खर्चात निम्म्याहून अधिक वाटा बहुधा खाद्याचाच असतो, आणि खाद्यात महाग असतात ती प्रथिने.

प्रथिने म्हणजे अंग धरायला लागणारा भाग. आपल्याला ती डाळीतून, दुधातून, अंड्यातून मिळतात. गाय-म्हैस गवतावरही बरेच भागवते. कारण तिच्या पोटातले सूक्ष्म जंतू तिच्यासाठी प्रथिने तयार करतात. माशाच्या पोटात तशी सोय नाही. त्याला ती तयारच द्यावी लागतात. रोहू-कटल्याच्या लहान पिलांच्या खाद्यात १०० भागांत ३५ ते ४० भाग प्रथिने लागतात. बोटुकली मोठी होऊ लागली की २५ ते ३० भागांवर भागते. याहून कमी दिली तर मासा जगतो, पण वाढत नाही. जादा दिली तर ती अंगी लागत नाहीत. माशाच्या कल्ल्यांवाटे त्यांचा अमोनिया होऊन पाण्यात जातो, म्हणजे पैसाही जातो आणि पाणीही बिघडते.

बाहत्तर साल आणि पेरूचा समुद्र

आता ही प्रथिने आणायची कुठून? जगभरच्या खाद्य कारखान्यांचे जुने उत्तर एकच होते: मासळीची कुटी, जिला बाजारात फिशमील म्हणतात. लहान मासे उकडायचे, दाबून तेल-पाणी काढायचे, वाळवायचे आणि दळायचे. या कुटीत ५५ ते ६५ टक्के प्रथिने असतात आणि ती पचायला सोपी असतात. म्हणून कोंबड्या, डुकरे, मासे, सगळ्यांच्या खाद्यात ती जाऊ लागली. पण एक किलो कुटीला चार ते पाच किलो ताजी मासळी खर्ची पडते, हे पोत्यावर छापलेले नसते.

या एकाच टेकूवर भार टाकला की काय होते, ते १९७२ साली जगाने पाहिले. आपल्याकडे बाहत्तरचा दुष्काळ म्हटले की जुन्या माणसांच्या अंगावर काटा येतो. आमची आई त्या वर्षी दुष्काळी कामावर खडी फोडायला जात होती. तिथे मिळणारी सुकडी ती पदरात बांधून घरी धाकट्या भावंडांसाठी आणी. त्याच वर्षी, हजारो कोस दूर, दक्षिण अमेरिकेतल्या पेरू देशाच्या मच्छीमारांचीही जाळी रिकामी येत होती. या दोन गोष्टींचा एकमेकींशी संबंध आहे. पेरूच्या किनाऱ्याला एरवी खोलातले थंड पाणी वर येते. त्यासोबत खतासारखी द्रव्ये येतात, त्यावर सूक्ष्म शेवाळ पोसते आणि त्यावर आंचोव्हेता नावाचा बोटभर मासा अमाप वाढतो. काही वर्षी प्रशांत महासागराचे वरचे पाणी तापते आणि हा थंड पाण्याचा झरा दबतो. यालाच एल् निनो म्हणतात. अशा वर्षी आपला पाऊसही पुष्कळदा दगा देतो. १९७२ साली तसेच घडले. त्यातच पेरूने आधीच्या वर्षांत बेसुमार मासा उपसला होता. १९७० साली एक कोटी वीस लाख टनांच्या घरात गेलेली ही मासेमारी १९७३ साली वीस लाख टनांच्याही आत आली.

जगात कुटीचा तुटवडा पडला. सारे खाद्यवाले सोयाबीनकडे धावले. सोयाबीनचे भाव असे भडकले की जून १९७३ मध्ये अमेरिकेने काही काळ सोयाबीनची निर्यातच रोखली. टोफूसाठी आणि जनावरांसाठी अमेरिकी सोयाबीनवर विसंबलेला जपान त्यामुळे हादरला आणि ब्राझीलच्या शेतीकडे वळला. एका माशाची जाळी रिकामी आली आणि दोन खंडांतली पिके बदलली. २०२३ साली पुन्हा समुद्र तापला आणि पेरूने वर्षातला आंचोव्हेताचा पहिला हंगामच रद्द केला. कुटी पुन्हा महागली.

आपल्या किनाऱ्यावरही तारली मासा कधी जाळी फोडतो, तर कधी दिसेनासा होतो. केरळात २०१२ साली चार लाख टनांच्या घरात मिळालेली तारली २०२१ साली साडेतीन हजार टनांच्याही आत आली. तारली ही गरिबाच्या ताटातली मासळी. ती कुटीच्या कारखान्यात जाऊन परत माशाच्याच पोटात जायची, आणि त्यासाठी कोरडवाहू भागातल्या शेतकऱ्याने खिसा रिकामा करायचा, हा उलटा व्यवहार आहे.

कुटी कुणाला लागते?

इथे एक फरक ध्यानात घ्यावा. मरळ, जिताडा हे मासे जात्याच शिकारी आहेत. कोळंबीलाही चढे, सकस खाद्य लागते. त्यांच्या खाद्यातून कुटी पार काढणे अजून अवघड जाते. पण कटला, रोहू, मृगळ, सायप्रिनस, गवत्या हे आपल्या तळ्यातले मासे शिकारी नव्हेत. कटला वरच्या थरातले सूक्ष्म जीव टिपतो, रोहू मधल्या थरात चरतो, मृगळ तळ उकरतो, गवत्या तर नावाप्रमाणे गवतच खातो. यांना कुटीची सक्ती नाही.

शिकारी माशांच्या बाबतीतही वारे फिरले आहे. नॉर्वे देशात साल्मन नावाचा शिकारी मासा पाळतात. १९९० साली त्याच्या १०० किलो खाद्यात ६५ किलो कुटी असे; २०१३ साली ती १८ किलोवर आली. जागा घेतली मुख्यतः वनस्पतींनी, त्यातही सोयाबीनने. शिकाऱ्याला जे चालले, ते आपल्या चरणाऱ्या रोहूला का चालू नये?

वरण-भाताचा न्याय

मग नुसती शेंगदाणा पेंड टाकली की झाले का? मला तसेच वाटत होते. आईला सांगितले, तर ती हसून म्हणाली, "नुसतं वरण पिऊन कुणी राहतं का? आणि नुसता भात खाऊन? दोन्ही एका ताटात आलं की अंगाला लागतं."

शास्त्र हेच सांगते. प्रथिने ही एक वस्तू नसून अनेक घटकांची माळ आहे. त्यांतले दहा घटक माशाला खाद्यातूनच मिळावे लागतात. त्यांत लायसिन आणि मेथिओनिन ही दोन नावे लक्षात ठेवावीत. कारण कमी पडतात ती बहुधा हीच. भातात लायसिन कमी, डाळीत मेथिओनिन कमी. दोन्ही मिसळली की एकाची उणीव दुसरे भरून काढते. पेंडींचेही तसेच. सोयाबीनच्या पेंडीत लायसिन भरपूर, मेथिओनिन कमी. तिळाच्या पेंडीत मेथिओनिन चांगले, लायसिन कमी. शेंगदाणा पेंडीत दोन्ही बेताचीच. एकट्या पेंडीवर वाढवलेला मासा म्हणूनच खुरटतो. तीन पेंडी मिसळल्या तर पुष्कळ उणीव भरून निघते. कुटीचा मोठेपणा होता तो या सगळ्या घटकांच्या चांगल्या जुळणीत. ती जुळणी आपण घरी जमवायची आहे.

पेंडी आणि त्यांचे गुणदोष

शेंगदाणा पेंड: प्रथिने ४० ते ४५ टक्के. मासे आवडीने खातात. पण हिचा वैरी म्हणजे बुरशी. १९६० साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी पटापट मेले. शोध घेता ब्राझीलहून आलेल्या शेंगदाणा पेंडीत बुरशीचे विष सापडले. त्याला पुढे अफ्लाटॉक्सिन हे नाव मिळाले. त्याच साली अमेरिकेतल्या मत्स्यबीज केंद्रांत पाळलेल्या ट्राउट माशांच्या यकृतात गाठी दिसू लागल्या. तिथे हेच विष सरकीच्या पेंडीतून आले होते. हे विष उन्हात वाळवून, धुऊन किंवा शिजवून जात नाही. म्हणून बुरशी लागलेली पेंड माशाला नको, जनावराला नको, कोंबडीलाही नको. ती पुरून टाकावी. आमच्या तळ्यात काय गेले होते, हे वाचताना मला कळले.

सोयाबीन पेंड: तेल गिरणीतल्या पेंडीत ४५ ते ४८ टक्के प्रथिने. बहुतेक दृष्टींनी कुटीच्या सर्वांत जवळ जाणारी हीच. घरचे अख्खे सोयाबीनही वापरता येते. त्यात ३८ ते ४० टक्के प्रथिने आणि १८ ते २० टक्के तेल असते. मात्र कच्चे सोयाबीन कधीही घालू नये. त्यात प्रथिने पचू न देणारे द्रव्य असते, ते उष्णतेने मरते. दाणे तांबूस होईपर्यंत भाजावेत किंवा भिजवून अर्धा तास उकळावेत, मग दळावेत. गिरणीतल्या पेंडीला उष्णता आधीच मिळालेली असते.

इथे थोडे मनातले बोलतो. २०२१ साली कोंबडी खाद्य महागले, तेव्हा बारा लाख टन सोयापेंड परदेशातून आणायला परवानगी मिळाली आणि सोयाबीन उत्पादक नाराज झाला. २०२४ च्या हंगामात क्विंटलला ४,८९२ रुपये हमीभाव असताना कित्येक बाजारांत त्याखालीच सोयाबीन विकले गेले. आपणच पडत्या भावाने सोयाबीन विकायचे आणि आपणच चढ्या भावाने खाद्य घ्यायचे, हे दोन्ही एकाच घरात चालते. ज्या घरी सोयाबीन पिकते आणि तळेही आहे, त्या घराने दोन पोती मागे ठेवून हिशेब करून तरी पाहावा.

तिळाची पेंड: प्रथिने ३५ ते ४० टक्के. एकटी नको, पण सोयाबीनला उत्तम जोडीदार.

सरकी पेंड: टरफलासह असेल तर प्रथिने २२ ते २५ टक्केच आणि चोथा फार. शिवाय तिच्यात गॉसिपॉल नावाचे द्रव्य असते. ते लायसिनला बांधून ठेवते आणि माशाच्या वाढीला मारक ठरते. १०० किलोत दहा किलोच्या वर घालू नये. पिलांना आणि बीजोत्पादनासाठी ठेवलेल्या माशांना मुळीच नको.

करडईची पेंड: सोललेल्या करडईची असेल तर चांगली, टरफलाची असेल तर तिच्यात प्रथिने निम्म्यानेच उरतात.

मोहाची आणि एरंडीची पेंड: या खाद्य नव्हेत, विष आहेत. नको असलेले मासे मारून तळे साफ करायला मोहाची पेंड वापरतात, यावरून काय ते समजावे.

आणखी एक सावधगिरी. प्रयोगशाळेत खाद्यातले नत्र मोजतात आणि त्याला ६.२५ ने गुणून प्रथिने काढतात. युरियातही नत्र असते. त्यामुळे पेंडीत युरियाची भेसळ केली तर कागदावर प्रथिने फुगतात. काही पशुखाद्यांत तर युरिया मुद्दाम घातलेला असतो. रवंथ करणाऱ्या जनावराला तो थोडा चालतो, माशाला अजिबात उपयोगाचा नाही. म्हणून गाईचे तयार खाद्य तळ्यात टाकू नये.

नव्या वाटा

मका किंवा तुकडा तांदूळ यांपासून इथेनॉल काढल्यावर जो वाळलेला चोथा उरतो, त्याला बाजारात डीडीजीएस म्हणतात. मक्याच्या चोथ्यात २६ ते ३० टक्के, तांदळाच्या चोथ्यात ४० ते ४५ टक्के प्रथिने असतात. इथेनॉलचे कारखाने वाढले तसा हा माल बाजारात भरपूर येऊ लागला आहे. घेताना रंग पाहावा. सोनेरी असेल तर बरा. काळपट, करपलेला असेल तर त्यातले लायसिन जळालेले असते. मूळ धान्यात बुरशीचे विष असेल तर धान्यातला पिष्टमय भाग निघून गेल्यामुळे चोथ्यात ते सुमारे तिपटीने दाट होते. म्हणून माल खात्रीचा असावा आणि १०० किलोत १०-१५ किलोच्या वर जाऊ नये.

अझोला: या तरंगत्या नेचेवर्गीय वनस्पतीचा सध्या फार बोलबाला आहे. तिच्या पानांच्या पोकळीत राहणारे नील-हरित शेवाळ हवेतले नत्र धरते, म्हणून ती झपाट्याने वाढते. वाळलेल्या अझोलात २० ते २५ टक्के प्रथिने असतात, हे खरे. पण ओल्या अझोलात ९४ टक्क्यांच्या आसपास पाणीच असते, हे कुणी सांगत नाही. दहा किलो ओला अझोला वाळवला तर सहाशे ग्रॅम उरतो, आणि त्यात प्रथिने सव्वाशे ते दीडशे ग्रॅम. तेवढी प्रथिने शेंगदाण्याच्या एक तृतीयांश किलो पेंडीत मिळतात. परसात खड्डा असेल तर गवत्याला आणि रोहूला वरून जरूर द्यावा. पण अझोलावर तळे पोसेल या भ्रमात राहू नये.

रेशमाचा किडा: कोष उकळून धागा काढल्यावर आत उरणाऱ्या किड्यात, तो वाळवला तर, निम्म्याहून अधिक प्रथिने असतात. चीन-जपानात तो माशांना घालण्याची रीत जुनी आहे. पण त्यात तेल फार असते आणि ते लवकर खवट होते. जपानात खवट किडे खाल्लेल्या सायप्रिनस माशांना मधुमेहासारखा रोग जडून त्यांची पाठ रोडावत असे; त्याला तिकडे सेकोके म्हणत. तेव्हा किडा ताजा किंवा तेल काढलेलाच घ्यावा.

माशीच्या आळ्या: ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाची एक काळी माशी आहे. तिच्या आळ्या भाजीपाल्याच्या ओल्या कचऱ्यावर दोन-तीन आठवड्यांत पोसतात आणि वाळवल्या की त्यांत ४० टक्क्यांच्या आसपास प्रथिने भरतात. ही माशी घरमाशीसारखी आपल्या अन्नावर बसत नाही. युरोपात २०१७ सालापासून मत्स्यखाद्यात कीटकांची प्रथिने वापरायला परवानगी आहे. मी हे घरात सांगितले तेव्हा वहिनी म्हणाल्या, "शी! भावोजी, आळ्या पाळायच्या?" आई म्हणाली, "ओढ्यातला मासा दुसरं काय खातो गं?" मात्र आळ्यांना कचरा स्वच्छ लागतो. मेलेली जनावरे, कारखान्याचा गाळ असले काही त्यांना घातले, तर तेच फिरून माशात आणि माशातून आपल्या ताटात येईल.

सर्वांत स्वस्त प्रथिने पाण्यातच

या साऱ्या पेंडींच्या आधी एक गोष्ट. मातीच्या तळ्यात शेणखताने पाणी हिरवट झाले की त्यात डोळ्यांना न दिसणारे शेवाळ आणि सूक्ष्म प्राणी वाढतात. हे माशाचे मूळ अन्न, आणि ते प्रथिनांनी भरलेले असते. कोपरापर्यंत हात पाण्यात बुडवावा. पंजा दिसेनासा झाला तर अन्न पुरेसे आहे. स्वच्छ दिसला तर अन्न कमी आहे. अर्धा हात बुडण्याआधीच दिसेनासा झाला तर खत थांबवावे. प्लॅस्टिकचे अस्तर असलेल्या तळ्यात मातीचा आधार नसल्याने हे अन्न कमी तयार होते. आमचे तळे अस्तराचेच होते. म्हणून तर खाद्यातली प्रत्येक चूक आम्हाला महागात पडली.

घरचे मिश्रण

वाढत्या माशांसाठी आम्ही १०० किलोचे मिश्रण असे करतो: सोयाबीन पेंड २५ किलो, शेंगदाणा पेंड २० किलो, तिळाची पेंड ५ किलो, भाताचा कोंडा ४३ किलो, मक्याचे किंवा ज्वारीचे पीठ ५ किलो आणि क्षार मिश्रण २ किलो. यात प्रथिने २६ ते २७ टक्के पडतात. जुनी निम्मी शेंगदाणा पेंड आणि निम्मा कोंडा ही रीतही जवळपास तेवढीच प्रथिने देते. फरक आहे तो घटकांच्या जुळणीचा.

कोणती पेंड स्वस्त, हे किलोच्या भावावरून ठरवू नये. भावाला शंभराने गुणून प्रथिनांच्या टक्क्याने भागावे. समजा, शेंगदाणा पेंड ४० रुपये किलो आणि प्रथिने ४० टक्के. तर एक किलो प्रथिने १०० रुपयांना पडली. सरकी पेंड ३० रुपये किलो आणि प्रथिने २२ टक्के. तर एक किलो प्रथिने १३६ रुपयांना पडली. दिसायला स्वस्त ती खरी महाग निघाली.

पेंड रात्री भिजत घालावी, सकाळी कोंडा-पीठ मिसळून गोळे करावेत आणि टोपलीत ठेवून टोपली पाण्यात टांगावी. आंध्रातल्या कोल्लेरू सरोवराकडचे शेतकरी कोंडा आणि पेंड भोके पाडलेल्या पोत्यांत भरून पाण्यातल्या बांबूंना बांधतात. मासे पोत्याला तोंड लावून खातात आणि नासाडी होत नाही. वेळ आणि जागा रोज एकच ठेवावी. माशांच्या एकूण वजनाच्या दोन ते तीन टक्के खाद्य पुरते. आठशे मासे पाव किलोचे असतील तर वजन झाले दोनशे किलो. म्हणजे दिवसाला चार ते सहा किलो खाद्य. दोन तासांनी टोपलीत खाद्य उरले असेल तर दुसऱ्या दिवशी कमी करावे. आभाळ भरून आले असेल किंवा पहाटे मासे वर येऊन तोंडे उघडत असतील, तर त्या दिवशी खाद्य बंद. पाण्यात प्राणवायू कमी असताना घातलेले अन्न पचत नाही, तळाशी कुजते. महिन्यातून एकदा दहा-वीस मासे धरून वजन करावे. आम्ही हे केले असते, तर आमची चूक दहाव्या महिन्याऐवजी तिसऱ्या महिन्यातच कळली असती.

पेंडीची पोती जमिनीवर किंवा भिंतीला टेकून ठेवू नयेत, फळ्यांवर ठेवावीत. पावसाळ्यात महिनाभर पुरेल एवढाच माल आणावा.

शेवटी

आमच्याकडे ते पाव किलोचे मासे व्यापाऱ्याने नेले नाहीत, म्हणून ते तळ्यात राहतील तेवढे ठेवले, बाकीचे गावात वाटले. त्या वर्षीचा तोटा भरायला दादाला एक बैल विकावा लागला. पुढच्या पावसाळ्यात आम्ही सहाशेच बोटुकली सोडली आणि वर सांगितलेले मिश्रण घातले. मे महिन्यात मासा सरासरी सातशे ग्रॅमचा भरला. कबूल केले पाहिजे की हे सारे श्रेय खाद्याचे नाही; दाटी कमी केली, त्याचाही वाटा आहे. पण वही पाहिली तर खाद्याचा खर्च आदल्या वर्षीपेक्षा कमी होता आणि त्यात समुद्रातल्या एकाही माशाचे पैसे नव्हते.

दादाने त्या दिवशी पहिला रोहू व्यापाऱ्याच्या काट्यावर न टाकता घरी पाठवला. आईने तो हातात घेतला, पोटाकडून दाबून पाहिला आणि म्हणाली, "आता खाल्लेलं अंगी लागलेलं दिसतंय." मग तिने पडवीत जाऊन पेंडीच्या पोत्यांखालच्या फळ्या कोरड्या आहेत ना, ते चाचपून पाहिले. गळकी कौले आम्ही पावसाआधीच बदलली होती. आपणही यंदा आधी तेवढे करावे.